शटरचा आकडा

माझ्या दुकानात वापरलेले कॅमेरे विकत मिळतात आणि माझं मत फुकट मिळतं. पंचवीस वर्षं मी एकच मत वाटत आलो: हौसेपोटी फोटो काढणाऱ्यानं महागडा कॅमेरा घेऊ नये. आरशाचे कॅमेरे होते तेव्हाही हेच सांगायचो, आता बिनआरशाचे मिररलेस आले तरी हेच. फोटोंवर पोट भरणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण रविवारी बागेत फुलपाखरामागे धावणाऱ्या माणसाला असा कॅमेरा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

हे मी हवेत बोलत नसे. माझ्याकडे पुरावा असायचा. कॅमेऱ्याच्या आत शटर म्हणून एक बारीक पडदा असतो. फोटो काढला की तो उघडतो आणि मिटतो. किती वेळा उघडमीट झाली, तो आकडा कॅमेरा पोटात जपून ठेवतो, आणि वायर लावून संगणकावर तो वाचता येतो. माणसं शपथेवर सांगतात, "खूप वापरला हो," आणि आकडा निघतो सहाशे. मग मी आकडा त्यांच्याकडे फिरवायचो आणि काही न बोलता चष्मा पुसत बसायचो. मला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू?

वहिनी गेल्यानंतर दोन महिन्यांनी माझा थोरला भाऊ कॅमेरा विकायला दुकानात आला. आमच्यात सव्वा वर्ष बोलणं नव्हतं. त्यानं पिशवीतून पेटी काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "हा विकून टाक."

"का? हौस फिटली?"

दादा मुळातच कमी बोलणारा. छापखान्यात बाइंडिंगला चौतीस वर्षं काढली त्यानं. पुस्तकं शिवायची, पण त्यातलं एक वाक्य कधी कुणाला ऐकवलं नाही.

मी वायर लावली. आकडा आला दोनशे चौदा.

"दोनशे चौदा!" मी म्हणालो. "दोन वर्षांत दोनशे चौदा फोटो! दादा, एवढ्या पैशात घराला रंग देऊन झाला असता. तेव्हा घसा फोडून सांगत होतो. पण पालथ्या घड्यावर पाणी."

त्यानं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाला. दारातून बाहेर पडताना मात्र वळला. "नीट तपासून घे हं. तू तपासल्याशिवाय विकत नाहीस ना?"

"मला नको शिकवूस," मी म्हणालो. तो गेल्यावर मी चिठ्ठी लिहिली, 'न वापरल्यासारखा', आणि कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवला. तपासायला त्यात होतं काय? दोनशे चौदा फोटोंत काय झिजणार?

आता मागचं सांगायला हवं.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वर्षभरात दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. मला वाढवलं तिनं. मी शाळेला निघताना दारात वाकून बुटाची नाडी बांधायचो, तेव्हा ती मागून माझी कॉलर नीट करायची. रोज. मी वैतागायचो, "कोण बघतंय मागून?" तर म्हणायची, "बारक्या, माणूस मागूनही दिसतो." पुढं मी नोकरीला लागलो, दुकान काढलं, केस पिकले; तिच्या दारातून निघताना तो हात मानेवर यायचाच.

दोन वर्षांपूर्वी दादा दुकानात आला आणि म्हणाला, "आवाज न करणारा कॅमेरा हवाय."

मी हसलो. "आवाजानं फोटो बिघडतो काय?" तो कारण सांगायला तोंड उघडत होता, पण माझं प्रवचन सुरू झालं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी मीच एक जुना, दणकट, आरशाचा, खटकन वाजणारा कॅमेरा त्याच्या हातात कोंबला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो परत आणला. "घरात चालत नाही," म्हणाला. आठवड्यानं कळलं की त्यानं मोठ्या दुकानातून सगळ्यात महागातला मिररलेस घेतला. सख्ख्या भावाचं दुकान सोडून! ते मला लागलं. महिनोन् महिने मी त्याच्या घराकडे फिरकलो नाही.

वहिनीचं विसरणं वाढलंय, हे तोवर कानावर आलं होतं. शेवटी न राहवून गेलो. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर लोकरीची शाल. दादा समोर स्टुलावर, हातात तो कॅमेरा. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दादाला विचारलं, "हे नळ दुरुस्त करायला आलेत का?"

दादा हसला. मला हसू आलं नाही. तिनं मला ओळखलं नाही, त्याचा राग मी त्याच्यावर काढला. "बायको अशी, आणि तू खेळणं घेऊन बसलायस!" असं म्हणालो आणि उठलो. दारात बूट घातले आणि निघालो. परत गेलो नाही. गेलो तो थेट ती गेल्यावर, आणि तेव्हाही सगळ्यांच्या मागे उभा राहिलो.

तर कॅमेरा कपाटात ठेवल्याच्या चौथ्या दिवशी गल्लीच्या टोकाची दातांची डॉक्टर आली. तिला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. तिनं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "काका, खरं सांगा, माझ्यासारखीला एवढा महाग घेण्यात अर्थ आहे का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "हा ज्यानं घेतला त्यानं दोन वर्षांत दोनशे चौदा फोटो काढले. माझा भाऊच आहे तो."

ती हसली. "पण हा आवाज न करता फोटो काढतो ना? माझा जुना खट् वाजला की पक्षी उडतो."

"काढतो. सेटिंग बदलावं लागतं. दाखवतो." मी कॅमेरा सुरू केला आणि आधी साधा आवाज ऐकवावा म्हणून बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. शटर बिघडलं की काय म्हणून मेनू उघडला, तर मूक शटर आधीपासूनच चालू होतं.

माझे हात थांबले. मूक शटरमध्ये पडदा हलतच नाही. आतला सेन्सरच गुपचूप चित्र टिपून घेतो. पडदा हलत नाही, म्हणून या कॅमेऱ्यात तो फोटो आकड्यात धरला जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकांना मीच सांगितलं असेल दहा वेळा. पण दादासमोर मी आकडा पाहिला आणि मला जे हवं होतं तेच वाचलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

फोटो साठवायचं कार्ड आतच होतं. मी उघडून पाहिलं. अकरा हजार आठशे फोटो.

सगळे वहिनीचे. पहिल्या काही दिवसांत ती दचकलेली होती. डोळे गच्च मिटलेले, हात कानांवर, एकात तर रडवेली. मला कळलं: आवाज बंद कुठून करायचा, हे दादाला सापडत नव्हतं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याचा भाऊ या धंद्यात केस पांढरे करून बसला होता, आणि त्या भावाला विचारायची सोय नव्हती. सगळे मिळून तसे दोनशे चौदा.

मग एका सकाळपासून तिचा चेहरा निवळला. खिडकीतल्या उन्हाकडे बघणारी वहिनी. शालीचे गोंडे मोजणारी. चमच्यात स्वतःला पाहून हसणारी. झोपलेली, जागी, पुन्हा झोपलेली. एकाही फोटोत तिला कॅमेऱ्याची चाहूल नव्हती.

"तुमची आई का?" डॉक्टरनं हळूच विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मी पुढे पुढे जात राहिलो आणि एका फोटोत मला माझीच पाठ दिसली. तो निळा चेक्सचा शर्ट. दारात वाकून मी बुटाची नाडी बांधतोय. कॉलर एका बाजूला दुमडलेली. आणि माझ्या मागे वहिनी. ती खुर्चीतून उठली होती. शाल जमिनीवर पडली होती. एका हातानं तिनं भिंत धरली होती आणि दुसरा हात माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर होता. बाजूनं दिसणारा चेहरा तोच, नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत धाडणारा, थोडा रागावलेला, ओठ मुडपलेले.

पुढच्या फोटोत मी नव्हतो. उघडं दार होतं आणि हात तसाच पुढे होता.

मी दुकानात, गिऱ्हाइकासमोर, रडलो. डॉक्टरनं काउंटरवरची चिठ्ठी उचलली, उलटी करून ठेवली आणि निघून गेली.

दुकान बंद करून मी दादाकडे गेलो. उन्हं अजून खिडकीत होती. खुर्ची तिथंच होती, शाल घडी करून तिच्यावर ठेवलेली.

"विकला?" दादानं विचारलं.

"नाही. कार्ड काढायचं राहिलं होतं तुझं."

"राहिलं नव्हतं." तो स्टुलावर बसला. "तुला बोलावलं असतं तर आला नसतास. म्हटलं, हा कुठलाही कॅमेरा पूर्ण तपासल्याशिवाय हातावेगळा करत नाही. पाहील."

मला गप्प बसता आलं असतं. त्याच्या मनात माझ्या कामाची तेवढी इज्जत शिल्लक होती, ती राहिली असती. पण मी सांगितलं. "दादा, मी तपासला नव्हता. आकडा पाहिला आणि कपाटात ठेवला. गिऱ्हाइकानं आवाजाचं विचारलं म्हणून कळलं. नाहीतर कार्ड पुसून देऊन टाकला असता."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. तो इतका म्हातारा झाल्याचं मी पाहिलंच नव्हतं.

"ती माझ्या मागे उठून आली होती, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मी निघून गेलो त्या दिवशी? धावत आलो असतो."

"चार वेळा फोन केला. तू उचलला नाहीस."

"आणि कॅमेरा घ्यायच्या आधी? तिला आवाज सोसत नाही, एवढंच म्हणाला असतास."

"तू बोलत होतास," दादा म्हणाला.

मी कॅमेरा खुर्चीवर शालीशेजारी ठेवला. त्यानं तो परत ने म्हटलं नाही, विक म्हटलं नाही. उन्हं खिडकीतून उतरेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो. मग मी उठलो, दारात गेलो आणि बूट घालायला वाकलो. नाडी बांधून झाली तरी मी वाकलेलाच होतो. मागे कुणी नव्हतं, मला ठाऊक होतं.

"कॉलर," स्टुलावरून दादा म्हणाला.

मी हात मागे नेला आणि ती नीट केली.