तिरक्याची तिसरी फेरी

मित्रांनो, बोटभर उंचीचा कुणी आपली जन्मकथा सांगायला बसला तर हसू नका. मी एक जुना, हिरव्या प्लास्टिकचा बुटका राक्षस आहे. डावा कान अर्धा, भाल्याला टोक नाही, आणि उभा राहतो तो असा कलून, की बघणाऱ्याला वाटावं मी कुणाच्या तरी कानाशी लागलोय. घरात मला सगळे तिरक्या म्हणतात.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही डझनभर भाऊ निघालो. खोक्यात आमच्यासोबत फासे होते आणि एक छापील पुस्तक. त्यात एका राणीची चोरलेली घंटा चेटकिणीच्या बुरुजातून परत आणायचं साहस होतं. हा खेळ हाताने कमी आणि तोंडाने जास्त खेळायचा. एक जण सूत्रधार होतो, पुस्तक पुढ्यात घेऊन सांगतो, समोर नाका आहे, पहारेकरी उभा आहे. बाकीचे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक होऊन आपण काय करतो ते बोलतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. आम्ही सोंगट्या आपल्या कोण कुठे उभा आहे ते दाखवायला.

आमची सूत्रधार म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ताई. सुरुवातीला आमची काय चंगळ होती! दर रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची फौज उभी राहायची. पण खेळणाऱ्यांचं प्रेम आणि खेळण्यांचं आयुष्य यांचा मेळ कधी बसत नाही. एक भाऊ गॅसच्या शेगडीजवळ वितळला, दोघे केरात गेले, काही कुणीतरी मागून नेले ते नेलेच. उरलो मी एकटा. बाकीच्यांच्या जागी ताईने बाटल्यांची झाकणं मांडली. झाकणांशी काय बोलणार? तीही आपली गप्प, मीही गप्प.

एकदा शेजारच्या नर्सबाईंच्या कोपराने मी जमिनीवर गेलो आणि माझा पाय मोडला. या नर्सबाई आठवडाभर लोकांना सुया टोचून बरं करतात आणि रविवारी खेळात योद्धा होऊन दिसेल त्याला कुऱ्हाड घालतात. मला उचललं ते ताईच्या बाबांनी. बाबा घड्याळजी. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, माझ्या पायाला भोक पाडलं आणि मनगटी घड्याळातली केसासारखी पिन आत बसवली. सरळ काही बसली नाही, पण उभा राहील, म्हणाले. आणि मग विचारलं, हा करतो काय? सांगण्यापेक्षा बसाच, म्हणून ताईने त्यांना खुर्ची दिली. तेव्हापासून बाबा खेळातले म्हातारे वाटाडे.

पण त्याच टेबलाला ताईचा धाकटा भाऊ मांत्रिक म्हणून बसायचा, आणि बाप-लेकांचं बोलणं बंद होतं. धाकट्याने घड्याळाचं दुकान सोडून पार्सलच्या गोदामात नोकरी धरली होती. जाताना म्हणाला होता, आता घड्याळं दुरुस्त करतंय कोण? बाबांनी ते मनाला लावून घेतलं. मग सगळा व्यवहार ताईमार्फत. त्यांना सांग, चहा निवतोय. त्याला सांग, मला दिसतोय. एका वाक्याला दोन वाक्यांचा खर्च! मी टेबलावरून सगळा जमाखर्च बघायचो आणि ताईची दया यायची. तरीही हे दोघं आठवड्यातून एकदा एका खोलीत बसत, ते फक्त या खेळापायी.

आणि खेळ तर रडतखडत चाललेला. दोष पुस्तकाचा. नाका वेगळ्याने लिहिलेला, पूल वेगळ्याने, गिरणी तिसऱ्याच कुणीतरी, असं वाटावं. प्रसंग भरपूर, पण एकाला दुसऱ्याची ओळखदेख नाही. नाक्यावर मारामारी, संपली. पुलावर दरोडेखोर, संपले. धाकटा जांभया द्यायला लागला. शेवटी एका रविवारी त्याने बसता बसता सांगून टाकलं, की गोदामात रविवारची पाळी मिळतेय, साहेब आज फोन करून विचारणार आहेत, आणि तो हो म्हणणार आहे. ताई बरं म्हणाली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

त्या दिवशी गिरणीचा प्रसंग होता. पुस्तकात एवढंच, की पोत्यांमागे एक राक्षस लपला आहे, तो हल्ला करतो. ताईने काड्यापेट्यांची पोती रचली आणि मागे मला उभं केलं. नर्सबाईंनी फासा उचललासुद्धा. तेवढ्यात बाबा पुढे वाकले, खिशातलं भिंग काढलं आणि मला नीट न्याहाळलं.

"हा नाक्यावरचाच की," बाबा म्हणाले. "पुलावरही हाच होता. नाक्यावर मी याला माझ्याजवळचं पाणी पाजलं होतं."

नर्सबाई खुदकन हसल्या. धाकट्याने ताईकडे बघितलं. "त्यांना सांग, सोंगटी एकच आहे. राक्षस दर वेळी वेगळा असतो."

मित्रांनो, धाकट्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी नाक्यावर एक होतो, पुलावर दुसरा, गिरणीत तिसरा. ताईने पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुस्तक मिटलं.

"बाबा बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "हा तोच आहे."

माझ्या प्लास्टिकच्या अंगावर काटा आला असेल तर तो तेव्हा! इतकी वर्षं मी जागा अडवणारा. आता मी कुणीतरी झालो. ताई भराभर टाके घालत सुटली. नाका चेटकिणीचा, पूल चेटकिणीचा, गिरणीही तिचीच. वाटसरूंकडून लुटलेला माल एका ठाण्यावरून दुसऱ्यावर चढत बुरुजात जातो, आणि तो वाहून नेणारा हा तिरक्या. पुलावरच्या दरोडेखोरांच्या गळ्यात निळी फीत नव्हती का? तीच याच्या गळ्यात आहे. नर्सबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, की त्यांनी ती फीत तेव्हाच हेरली होती. ती फीत ताईने त्याच क्षणी मनातल्या मनात शिवली होती हे मी शपथेवर सांगतो. पण धाकट्याची जांभई अर्ध्यात थांबली आणि खुर्ची पुढे सरकली. हा तिरक्या जर बुरुजात ये-जा करतो, तर याला आतली वाट ठाऊक असणार!

आता मला बोलतं करायचं होतं. पण राक्षसांची भाषा येत होती एकट्या मांत्रिकाला, म्हणजे धाकट्याला. आणि मी विश्वास ठेवणार पाणी पाजणाऱ्या म्हाताऱ्या वाटाड्यावर. बाबा सवयीने लेकीकडे वळले. त्याला सांग, विचार म्हणावं…

"मी आता ताई नाही," ताई म्हणाली. "मी तिरक्या. पोत्यामागे लपलोय. मला तुमची भाषा कळत नाही."

बाबांनी नर्सबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू. माझ्या दोन्ही हातांत कुऱ्हाड आहे."

बाबांनी भिंग शर्टाला पुसलं, पुन्हा पुसलं. मग माझ्याकडेच बघत, पण बोलले धाकट्याशी.

"विचार त्याला. इतक्यांदा मार खाऊन पळाला, तरी आपल्याच वाटेत का येतो?"

धाकट्याने घसा खाकरला आणि घशातल्या घशात काहीतरी गुरगुर केली. ताईनेही तशीच गुरगुर करून उत्तर दिलं. त्या गुरगुरीचा अर्थ तिने काही ठरवला नव्हता. तो धाकट्यानेच लावायचा होता.

"तो म्हणतोय," धाकटा म्हणाला, "नाक्यावर तुम्ही पाणी विचारलंत. बाकी कुठे कुणी विचारत नाही."

बाबांनी मान हलवली. चोरदरवाजा दाखवशील का, विचार म्हणाले. आणि कुऱ्हाडवालीला मी आवरतो, तेही सांग. मग काय, खेळ चौखूर उधळला! गिरणीच्या पाटातून भुयारात, भुयारातून बुरुजाच्या पायथ्याशी. बाप-लेक थेट भांडायला लागले. अहो बाबा, तो घाबरलाय, जरा हळू विचारा. मी हळूच विचारतोय, तूच ओरडून भाषांतर करतोयस. फासे टेबलावरून उड्या मारत होते, नर्सबाई उभ्या राहून खेळत होत्या, आणि ताई पुस्तक नुसतंच उघडून, त्यात डोकं खुपसून वाचल्यासारखं करत होती.

बुरुजाच्या दाराशी पोहोचलो आणि धाकट्याचा फोन वाजला. गोदामाचे साहेब.

"रविवारी नाही जमणार, साहेब," धाकटा म्हणाला. "घरी काम आहे."

"काम म्हणे," बाबा पुटपुटले, आणि चहाचं आधण ठेवायला स्वतः उठले.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या खोक्यात असा कुणी मोडका असेल तर त्याला झाकणांच्या डब्यात टाकू नका. त्याला पिन बसवा, उभं करा, आणि तो दुसऱ्यांदा समोर आला तर ओळख दाखवा. छापील पुस्तक सगळं सांगत नाही. मधले टाके आपल्यालाच घालावे लागतात, आणि ते घालायला भिऊ नका.

सगळे गेल्यावर ताईने टेबल आवरलं. दर रविवारी ती मला उचलून खोक्यात ठेवते. त्या दिवशी तिने मला बुरुजाच्या दाराशी तसंच राहू दिलं आणि ओलं फडकं माझ्या भोवतीने फिरवलं.