न धुतलेला स्वेटर

लाँड्रीवाल्यांच्या घरात मळका कपडा दिवस मावळेपर्यंत टिकत नसे. खाली दुकान, वर घर. जिन्यात कायम साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास. जेवताना कुणाच्या अंगावर डाग पडला तर लाँड्रीवाले ताट बाजूला सारून आधी डाग बघायचे. "आमच्या घरात मळका कपडा म्हणजे न्हाव्याच्या पोराने जटा वाढवून फिरण्यासारखं," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत.

अशा घरात त्यांच्या बायकोने लेकीचा एक स्वेटर न धुता ठेवला होता.

लेक, म्हणजे ठकी, नोकरीसाठी परदेशी गेली त्या सकाळी तो खुर्चीच्या पाठीवर राहिला होता. आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधलं आणि कपाटात जुन्या चादरींच्या मागे सारला. नवरा दुकानात उतरला की कधीतरी ती गाठ सोडायची, नाक आत घालायची आणि लगेच पुन्हा बांधायची. वास उडून जातो, आपण घेऊ तितका तो कमी होतो, हे तिला कळत होतं. फोनवर मात्र ती लेकीला एकदाही "ये" म्हणाली नव्हती. "इकडे सगळं झकास आहे," एवढंच. पोरीचा पाय आपल्यामुळे मागे ओढला जायला नको.

तपकीर ही ठकीची कुत्री. ठकीनेच तिला रस्त्यावरून उचलून आणलेली. ठकी गेल्यावर ती आईच्या हातचं खायची, पण अंगाला हात लावू द्यायची तोही उपकार केल्यासारखा. तिला पिल्लं झाली ती ठकीच्याच खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. मुठीत मावतील असे गोळे, डोळे घट्ट मिटलेले, कान अंगाला चिकटलेले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई बघून गेल्या. "यांना अजून दिसत नाही, ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "नाक आणि ऊब, एवढंच त्यांचं जग. थंडी वाजली तर कुडकुडताही येत नाही. रोज थोडा वेळ हातात घ्या, माणसाची सवय होईल. पण आईच्या देखत, तिच्या कलाने. आणि एखादं गार पडलंच, तर आधी ऊब द्या, मग दूध. गार पिल्लाचं पोट काम करत नाही. घाईने पाजलंत तर हातचं जाईल."

लाँड्रीवाल्यांनी मान डोलावली खरी, पण त्यांचं लक्ष खोक्यातल्या फडक्यांवर होतं.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली आणि तपकीर पाय मोकळे करायला खाली उतरली, तेवढ्यात त्यांनी डाव साधला. फडकी काढली, धुतली, इस्त्री मारून एकही चुणी न ठेवता पुन्हा अंथरली. शिवाय पिल्लंही साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसून काढली, सर्वांत लहान तर दोनदा.

बायको परतली तेव्हा तपकीर पलंगाखाली होती. एक सोडून सगळी पिल्लं तिने तिथे नेली होती. सर्वांत लहान पिल्लू उघड्या फरशीवर पडलं होतं. तपकीर त्याला हुंगायची, शिंकायची, मागे सरायची. पण कुणी जवळ गेलं की दात दाखवायची. स्वतः उचलेना, दुसऱ्याला उचलू देईना.

"अहो, काय केलंत हे?"

"काय केलं म्हणजे? धुतलं. इस्त्री केली. हॉटेलात मिळायचं नाही असं अंथरूण घातलंय!"

"तिचा वासच धुऊन टाकलात! तिला आपलं घर कुठलं तेच कळेनासं झालंय."

लाँड्रीवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चाचपडत हात पुढे केला. तपकिरीचे दात बोटांशी वाजले. "माझ्या तर हाडांतही साबण मुरलाय," ते हात चोळत म्हणाले. "ठकी असती, तर..."

पिल्लाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज येत नव्हता.

ती उठली. नवऱ्यादेखत तिने कपाटातल्या चादरी बाजूला केल्या, पिशवी काढली, गाठ सुटेना म्हणून दातांनी तोडली. स्वेटर अंगात घातला. डोकं आत असतानाचा क्षणभर अंधार, आणि त्यात ठकी: तिचे केस, थोडा घाम, आणि ज्याला काही नाव नाही ते. तिथेच थांबावंसं वाटलं. तिने डोकं बाहेर काढलं, फरशीवर बसली आणि बाही पुढे केली.

तपकिरीने बाही हुंगली. पुन्हा हुंगली, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. मग घशातून एक बारीक हुंदका काढला आणि डोकं तिच्या मांडीवर टाकलं.

पिल्लू ओल्या खड्यासारखं गार लागलं. तिने ते स्वेटरच्या आत, छातीच्या कातडीशी धरलं आणि हलली नाही.

"हा स्वेटर..." लाँड्रीवाले म्हणाले.

"हो. नाही धुतला. बोला काय बोलायचंय ते."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"कपाट आवरलं तेव्हापासून. माझं नाक काय भाड्याने दिलंय?"

"मग धुतला कसा नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "बादलीपर्यंत नेला होता. नळ सोडला. मग बंद केला."

बऱ्याच वेळाने तिच्या छातीशी काहीतरी वळवळलं आणि किंचित चिरकलं. तिने पिल्लू तपकिरीच्या पोटाशी लावलं. ते चुकत, धडपडत स्तनाला लुचलं. मग तिने स्वेटर काढला आणि खोक्यात अंथरला. उरलेली पिल्लं तपकिरीने आपणहून त्यावर आणून ठेवली.

पुढच्या दिवसांत त्या लोकरीत दूध झिरपलं, मूत झिरपलं. एकदा तिने वाकून वास घेतला. निव्वळ कुत्र्याचा. ती रोज पिल्लं हातात घ्यायची, आता तपकीर तिच्या उघड्या हातांनाही हरकत घेत नसे. पिल्लांचे डोळे किलकिले झाले.

रविवारी दुपारी ठकीचा फोन आला तेव्हा ते लहान पिल्लू तिच्या तळहातावर होतं.

"आई, तपकीर काय म्हणते? माझी आठवण काढते का गं?"

"काढते की. जिन्यात चप्पल वाजली तर कान टवकारते. मग तू नाहीस हे कळलं की पुन्हा मान टाकते."

"आणि तुम्ही दोघं? बाबांचा डागांशी लढा चालू?"

"इकडे सगळं..." झकास हा शब्द तोंडात आलेला होता. तो बाहेर पडेना. पिल्लू नाकाने तिचा अंगठा चाचपत होतं.

"ठकी, ये ना गं एकदा," ती म्हणाली. "पिल्लं काय, आज आहेत, उद्या ज्याच्या त्याच्या घरी जातील. मला भेटायला ये."

फोन तुटला नव्हता. पलीकडून श्वास ऐकू येत होता. "गंमत केली गं" असं म्हणून सावरून घ्यायला तिची जीभ वळवळली. तिने ती दातांखाली धरली आणि लेक काय म्हणते याची वाट पाहत राहिली.