चुन्याची शिफारस

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मातीबाई म्हणत. नाव थट्टेनं पडलं होतं, पण बारा वर्षांत ते तिच्या अंगवळणी पडलं. माती आंबट की खारी हे मोजणारं यंत्र बंद पडलं, तेव्हा तिनं दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही. उलट कुणाच्या मातीत काय कमी आणि शेतात काय टाकायचं हे सांगणारी दहा हजार कार्डं वर्षअखेरपर्यंत शेतकऱ्यांना वाटायचा हुकूम आला.

"यंत्राशिवाय तपासू कशी?" तिनं साहेबांना विचारलं.

"तपासा म्हणतंय कोण? गेल्या वर्षीचे आकडे घ्या, थोडे इकडचे तिकडे करा. माती काय वर्षभरात पळून जाते?"

महिनाभर तिनं टाळाटाळ केली. मग बदलीची भाषा सुरू झाली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिनं मान तुकवली. मातीच्या पिशव्या न उघडताच भिंतीशी रचल्या गेल्या आणि ती कार्डांवर सह्या करत सुटली. नावं वाचायचं तिनं सोडूनच दिलं होतं.

पिकं गुडघ्याला आली असताना तिचा थोरला भाऊ प्रयोगशाळेत आला. रुमालात भुईमुगाची उपटलेली झाडं होती. शेंड्याची पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या.

"कार्डावर चुना टाका लिहिलं होतं, टाकला," तो म्हणाला. "आबांनी कधी टाकला नव्हता. पण खाली तुझी सही होती ना. कमी पडला का गं, छोटे?"

तिनं ढिगातून त्याची पिशवी शोधून काढली. चिमूटभर माती बशीत घेतली, वर आम्लाचे दोन थेंब सोडले. माती फसफसून वर आली.

"हे काय?"

"चुना आधीच जास्त आहे, दादा. मी न तपासता लिहिलं."

तो पिशव्यांच्या रांगेकडे बघत राहिला. "या सगळ्यांचं असंच?"

"हो."

त्यानं झाडं पुन्हा रुमालात बांधली. दाराशी थांबून म्हणाला, "वहिनीला बोलू नकोस. आमची छोटी सही करते म्हणून ती चारचौघांत सांगत असते."

त्या वर्षी एकूण पीक वाढलं. कालव्याला पहिल्यांदाच पाणी आलं होतं, पाऊसही वेळेवर पडला होता. साहेबांनी ती वाढ कार्डांच्या खात्यावर घातली आणि भर सभेत बक्षिसाची ढाल घेतली.

पुढच्या हंगामात ती म्हणाली, यंत्र आल्याशिवाय मी सही करणार नाही. साहेब रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी तिच्या सहीचा रबरी शिक्का करून घेतला आणि तिला जावक टेबलावर बसवलं. आता दिवसाला दोनशे कार्डं निघतात. ती पाकिटात घालून पत्ते लिहायचं काम तिच्याकडे आहे.

दादाच्या नावाचं कार्ड तेवढं ती फाडून टाकते. बाकीची टपालात जातात.