पाणी कुणीकडं चाललंय

थप्प!

काठवटीवर भाकरीची पहिली थाप पडली आणि वाघोटणच्या खाडीवरची सकाळची शांतता मोडली. पाठोपाठ थापांवर थापा. ज्या घरी मोटारीतून आलेल्या परगावच्या मंडळींनी रात्री मुक्काम केला होता, त्या घरची म्हातारी विहिरीवरून येत होती. कळशी कमरेवरच ठेवून ती पडवीत डोकावली.

"ह्या पीठ कसला गो बाय?"

"जवारीचं," मनकर्णा म्हणाली. "मालकाला भाकरीबिगर दिस उगवत न्हाई. अर्धं पोतं पीठ मोटारीच्या टपावर घालून आनलंय."

"आणि ही परात लाकडाची?"

"ती बी टपावरच!"

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली आणि खाली बसली. ओट्यावरून मालकांचा, म्हणजे सेनगावकडच्या उकंडरावांचा, खोकला ऐकू आला. डॉक्टरांनी दम्याला समुद्राची हवा सांगितली म्हणून वैशाखाच्या शेवटी, पेरणीच्या आत, ही सगळी यात्रा निघाली होती. "ही हवा हाय का ओलं फडकं?" ते बायकोला म्हणत होते. "नाकावर घट्ट धरल्यावानी वाटून राहिलंय."

"खा आता हवा," शालूबाईंनी सुनावलं. "गावभर सांगून आल्ता ना, हवा खाया चाललो म्हणून?"

"खाल्ली लई. आज खाडी पार झाली की मोटार घाटाकडं वळवायची. रामकिशनला सांगितलंय."

मनकर्णेचा हात पिठातच थांबला.

रामकिशन तिचा नवरा, मालकांचा ड्रायव्हर. भाकरी भाजायला कुणीतरी हवं म्हणून ती आली होती आणि मागं कुणाजवळ ठेवायचं म्हणून पाच वर्षांचा ग्यानबाही. असं घरचे समजत होते. पण ती का आली ते तिच्या पिठाच्या पोत्यालाच ठाऊक होतं. पोत्याच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, एक हिरव्या खणाचा परकर होता. एवढासा. चार वर्षांच्या पोरीच्या मापाचा.

तिच्या थोरल्या लेकीनं, रंगूनं, तो पंचमीला मागितला होता. "शिवते गं," म्हणता म्हणता पंचमी गेली, पोळा गेला आणि भादव्यात रंगूला देवी आल्या. देवीनं गेलेल्या लेकराला आग दाखवत नाहीत, पाण्यात सोडतात, अशी तिकडची रीत. कयाधू तेव्हा दोन्ही काठ भरून चालली होती. सासूनं मनकर्णेला पोटाशी धरून सांगितलं, "रडू नको. कयाधू तिला समुद्रावर नेती. समद्या नद्या तिथंच जात्यात."

परकर मग शिवला. टाके बारीक घातले, नाडी ओवली, आणि तीन वर्षं पेटीत ठेवला. त्या तीन वर्षांत मनकर्णा काम करायची, जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. स्वतःहून कुणाला काही विचारायची नाही. आणि एक दिवस रामकिशन म्हणाला, "मालक समुद्रावर निघून राहिलेत."

त्या घडीपासून तिचं तोंड उघडलं. वाटेत नदी आली की ती मोटारीतून मान बाहेर काढायची. "ही कोनची? पाणी कुणीकडं चाललंय?" गंगा म्हणजे गोदावरी झाली, भीमा झाली, कृष्णा झाली. उन्हानं आटून धार तेवढी उरलेली, पण धारेला दिशा होती. प्रत्येक वेळी पाणी उजवीकडून यायचं आणि डावीकडं, उगवतीला निघून जायचं. कोल्हापूरच्या पुढं तर एक नदी रस्त्याला लागूनच, सरळ मोटारीच्या तोंडावर चालून आली.

"अवो, हे पाणी मागं काहून चाललंय? समुद्र तर म्होरं हाय ना?"

"नदी हाय ती. वळण घेत जाती," रामकिशन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला होता.

मग तो घाट. मोटार ढगात शिरली आणि ढगातून खाली खाली उतरत गेली. शालूबाई डोळे मिटून नागनाथाचं नाव घेत होत्या, मनकर्णा मात्र डोळे ताणून बघत होती. आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला, माडांच्या पलीकडं, तो दिसला. तिला वाटलं होतं मोठं तळं असेल. पण पलीकडचा काठच नव्हता. ग्यानबानं विचारलं, "माय, हे कोनाचं शेत हाय?" आणि ती तीन वर्षांत पहिल्यांदा खळखळून हसली.

तिथून गावामागून गाव. लाल मातीचा रस्ता, चिऱ्यांची घरं, काजूचा वास, ओट्यावर वाळत घातलेली कोकमं. एक टेकडी उतरली की खाडी, आणि खाडी आली की मनकर्णा खाली उतरून मोटार पार नेणाऱ्या तरीवाल्याला गाठायची. "दादा, ही कोनच्या नदीची खाडी?" ही काजळीची. ही मुचकुंदीची. "कयाधूची कुठं येती?" नाव ऐकलं नाही बुवा. "असंल, म्होरं असंल," असं म्हणत ती परत मोटारीत बसायची. कयाधूचं पाणी जिथं समुद्राला मिळतं, तिथंच परकर सोडायचा होता. भलत्याच पाण्यात टाकला तर पोरीला तो मिळायचा कसा?

आणि आता मालक म्हणत होते, ही शेवटची खाडी.

"म्हातारे," तिनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "हितून म्होरं अजून किती खाडी हायत?"

"रगड आसत. गोव्यापातुर. कित्या गो?"

"त्यातली कयाधूची कोनची?"

"ती आनी खंयची नदी?"

"आमच्या गावची. घाटाच्या पल्याड. चार दिस लागत्यात मोटारीनं."

म्हातारीनं तिच्याकडं निरखून बघितलं. चेष्टा करते आहे की काय, असं आधी तिला वाटलं असावं. मग समोरच्या निळ्या डोंगररांगेकडं हात करून ती सहज म्हणाली, "घाटापलीकडली? मगे ती हंय कशी येतली? पाणी कधी डोंगर चढता गो बाय?"

भाकरी तव्यावर करपली. धूर निघाला तेव्हा म्हातारीनंच ती उचलली.

सगळ्या नद्या मनकर्णेच्या डोळ्यांसमोरून पुन्हा वाहून गेल्या. उजवीकडून डावीकडं. मोटारीच्या तोंडावर. मागं. तिनं स्वतः बघितलं होतं, पुलापुलावर विचारलं होतं. डोळ्यांनी सांगितलेलं तेवढं तिनं ऐकलं नव्हतं.

भाकऱ्या झाल्या. मालकांचं जेवण झालं. भरती आल्याशिवाय मोटार पलीकडं नेणारी तर सुटणार नव्हती, म्हणून सगळे सावलीला लवंडले. मनकर्णेनं पोत्यात हात घातला, पीठ झटकलं आणि परकर पदराखाली घेऊन ती खाडीच्या तोंडाशी, वाळूवर जाऊन उभी राहिली. पाणी यायचं, पावलं भिजवायचं, पायांखालची थोडी वाळू घेऊन जायचं.

किती वेळ झाला कुणास ठाऊक. मागून रामकिशनची पावलं वाजली.

"चल. तर काठाला लागून राहिली."

तिनं मान वळवली नाही. "कयाधू कुणीकडं जाती?"

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पैनगंगेला. तिथून गंगेला. मंग उगवतीकडं. तिकडं दुसरा समुद्र हाय म्हणत्यात."

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आनी हे?" तिनं परकर पुढं केला. खणाच्या घडीत पीठ बसलं होतं.

"पोतं मीच बांधलं ना टपावर," तो म्हणाला. "हाताला लागला व्हता."

"मंग काहून न्हाई बोलला? वळण घेती म्हणं नदी!"

रामकिशननं टोपी काढली, उगाच झटकली, परत घातली. "तीन साल तू घरात काई इचारलं न्हाई. मीठ संपलं तरी इचारलं न्हाई. आनी हितं पुलापुलाला इचारून राहिली व्हती." तो खाली वाळूकडं बघत म्हणाला, "मला वाटलं, इचारू दे."

लाट आली आणि दोघांच्या पावलांवरून गेली.

"टाकायचा तर टाक," तो म्हणाला. "समुद्र आतून समदे एकाला एक लागून असत्यात म्हणं."

"म्हणं," मनकर्णा म्हणाली. "आजून एक वळण!" रागानं म्हणायला गेली, पण ओठ हसायला वळले. तिनं परकरावरचं पीठ हलक्या हातानं झाडलं, घडीवर घडी घातली आणि तो पुन्हा पदराखाली घेतला.

दोन होड्यांवर फळ्या टाकलेली तर, तिच्यावर मोटार, मोटारीत डोळे मिटलेल्या शालूबाई. "रामकिशन, हे पाण्यात गेलं तर गाडी पोहती का रे?" मालक विचारत होते. मनकर्णा कडेला, ग्यानबाला मांडीत घेऊन बसली. भरतीचं पाणी समुद्राकडून आत, खाडीतून वर, निळ्या घाटाच्या दिशेनं चाललं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. ते घाटाच्या पायथ्यापर्यंत जाईल आणि तिथून परत फिरेल, हे आता तिला कुणी सांगायला नको होतं.

ग्यानबाला पदराखाली काहीतरी मऊ लागलं. त्यानं चाचपून हिरवा काठ बाहेर ओढला.

"माय, हे ताईचं?"

"व्हय."

"ताई ह्या समुद्रात हाय?"

"न्हाई रे. ती तिकडच्या."

त्यानं मागं वळून त्या एवढ्या मोठ्या पाण्याकडं बघितलं, मग पुढच्या डोंगराकडं, आणि आईची हनुवटी आपल्याकडं वळवून विचारलं,

"मंग तिकडं तिच्यापाशी कोन हाय?"