फॉल

"आजच मोडायचा हुता व्हय हात? माझी अख्खी शिफ्ट गेली," शेखर बायकोच्या कानाशी पुटपुटला.

पलीकडे बसलेल्या त्याच्या आईला, रंभाबाईंना, ते ऐकू आलं. साधनाचं मनगट टरारून सुजलं होतं. फाटल्या ओठाचं रक्त हनुवटीवर वाळलं होतं.

घोटावड्याच्या त्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं विचारलं, कसं लागलं?

"फॉल, मॅडम. फॉल फ्रॉम स्टेअर्स."

हिंजवडीच्या साहेबांच्या गाड्या चालवून शेखर असं बोलायला शिकला होता. रंभाबाई ते भावकीत मिरवायच्या.

"फॉल कुटला?" त्या म्हणाल्या. "आज मिशनीला हात न्हाई लावला तिनं."

साधना गावभरच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. रंभाबाईंना ठाऊक होता तो फॉल एवढाच.

"आये, गप बस की!"

डॉक्टरीण हसली. "साडीचा नाही, आजी. फॉल म्हणजे पडणं. जिन्यावरून पडल्या म्हणतायत हे. आणि हे फ्रॅक्चर, म्हणजे हाड मोडणं." तिनं साधनाची बाही वर सारली. दंडावर बोटांचे काळेनिळे वळ होते. हसू मावळलं. "फॉल, की फोर्स?"

"आता ह्यो कोन?"

"फोर्स म्हणजे जबरदस्ती, आजी. कुणी मारलं, पिरगाळलं, तर."

रंभाबाईंनी पदराआड बोटं मिटली. एकाच अक्षरानं सुरू होणारे तीन शब्द, आणि लेकानं नेमका त्यातला सोज्वळ उचलला होता.

सकाळी त्यानं साधनाला झिंज्या धरून फरफटत दारापाशी आणलं होतं. तिचा हात चौकटीत दाबून धरला आणि खांद्याचा रेटा देऊन दार लावलं. कट्ट आवाज झाला. मग पुन्हा एकदा लावलं. रंभाबाईंच्या तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

"ताई, तुम्ही सांगा," डॉक्टरीण साधनाला म्हणाली.

"पडले," साधना जमिनीकडे बघत म्हणाली.

शेखरचा अंगठा तिच्या खांद्यात रुतला. "घरी चल," तो हळूच म्हणाला, "दुसरा हात हायेच की तुला."

रंभाबाई उठल्या. त्यांनी तो अंगठा धरून बाजूला केला.

"आमच्या घराला जिनाच न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "ह्यानं मोडलाय तिचा हात. दारात घालून. माझ्या डोळ्यांम्होरं."