शंभर मीटर, अठरा सेकंद

मारोती खोब्रागडे बत्तीस वर्षं रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मूळ गाव भंडाऱ्याकडचं, पण रिटायर झाल्यावर ते रायपुरातल्या भनपुरीच्या मागच्या वस्तीतच राहिले. तिथं त्यांनी घर बांधलं तेव्हा गल्ली मातीची होती आणि दिवसातून चार सायकली जायच्या. मग छत्तीसगढ हे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, गल्लीत काँक्रीट पडलं आणि रिंग रोडवरून बीरगांवकडे जाणाऱ्या लोकांना कळलं की इकडून गेलं की सिग्नल वाचतो. तेव्हापासून गल्ली गल्ली राहिली नाही.

एका वर्षी दिवाळीच्या आधी शेजारच्या शांताबाई भाजी घेऊन घराकडे वळत असताना एका मोटरसायकलनं त्यांना उडवलं. कमरेचं हाड मोडलं. मोटरसायकलवाला थांबला नाही. गर्दीतलं कोणी म्हणालं साठनं होता, कोणी म्हणालं ऐंशीनं. मारोतरावांनी शांताबाईंना ऑटोत घातलं आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेला अर्ज लिहायला बसले.

अर्ज साधा होता. वस्तीतल्या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरची मर्यादा घालावी. रेल्वेत एखादा पूल कमजोर असला की आधी बोर्ड लागतो, आणि बोर्डावर वीस लिहिलं असलं तर गाडी विसानंच जाते. का म्हणून कोणी विचारत नाही. मारोतरावांना वाटलं, इथंही तसंच होईल. दारोदार फिरून त्यांनी एकशे चाळीस सह्या जमवल्या. वस्तीच्या समितीचे अध्यक्ष गुलाबराव मेश्राम यांनी सगळ्यांत वर सही केली. मारोतरावांची मुलगी नीलिमा हिनंही केली.

डिसेंबरात गल्लीच्या दोन्ही टोकांना बोर्ड लागले. त्या संध्याकाळी मारोतरावांच्या बायकोनं, मायाबाईंनी, सगळ्यांना चहा दिला.

आठच दिवसांत नीलिमाची बस यायची बंद झाली.

नीलिमा उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर होती. पहाटे सव्वापाचला कारखान्याची बस गल्लीत यायची आणि वस्तीतल्या अकरा बायकांना घेऊन जायची. आता ती रिंग रोडवरच थांबू लागली. बायकांना सव्वा किलोमीटर अंधारात चालत जायचं आणि जिथून सळ्यांचे ट्रक सुटतात त्या रस्त्याच्या कडेला उभं राहायचं.

मारोतराव दुसऱ्या दिवशी पहाटे नीलिमाबरोबर तिथवर गेले. ड्रायव्हर छत्तीसगढी होता, वयानं लहान, बोलायला नरम. त्यानं सांगितलं की मालकानं गाडीत मशीन बसवलंय. बोर्डापेक्षा जास्त पळवली की ऑफिसात दिसतं आणि नोकरी जाते.

मारोतरावांनी तिथंच मनात हिशोब केला. सव्वा किलोमीटर चाळीसनं गेलं तर दोन मिनिटांपेक्षा थोडं कमी. विसानं गेलं तर पावणेचार. म्हणजे फरक दोन मिनिटांचा.

"दोन मिनिटांसाठी बायकांना इथं उभं करता?" त्यांनी विचारलं.

"एकच वस्ती असती तर आलो असतो बाबूजी," तो हिंदीत म्हणाला. "अशा चार वस्त्यांमध्ये बोर्ड लागलेत. दोन-दोन करून आठ मिनिटं होतात. सहाला गेट बंद होतं, मग सगळ्यांचा अर्धा दिवस कापतात."

ड्रायव्हरची चूक दिसत नव्हती. बोर्डाचीही दिसत नव्हती. परत येताना ट्रकच्या धुळीतून चालताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी केलंय आणि ते नेमकं काय केलंय हे आपल्यालाच माहीत नाही.

बायका समितीकडे गेल्या. बोर्ड काढा, आम्हाला बस पाहिजे. गुलाबरावांनी रविवारी बैठक ठेवली. मारोतरावांनी बोर्डाच्या बाजूनं बोलावं असं ठरलं, आणि नीलिमानं बायकांच्या बाजूनं. घरात दोघं एकाच ताटलीतली भाकर खात होते, पण त्या विषयावर बोलत नव्हते. मायाबाई मधूनच एकदा म्हणाल्या की तुम्ही दोघं आपसात ठरवून घ्या, बैठकीत तमाशा नको.

नुसतं बोलण्यापेक्षा मोजलेलं बरं, असं मारोतरावांना वाटलं. त्यांनी टेपनं दोन विजेच्या खांबांमधलं अंतर मोजून शंभर मीटरवर खडूची खूण केली. विसाच्या वेगानं शंभर मीटरला अठरा सेकंद लागायला हवेत. हातातलं घड्याळ घेऊन चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ खुणेजवळच्या बाकावर बसले आणि प्रत्येक गाडीचे सेकंद वहीत लिहिले.

अठरा सेकंद घेणाऱ्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच. एक सिलिंडरची हातगाडी, दोन खच्चून भरलेले ऑटो, गाडी शिकणारी एक पोट्टी. बाकी सगळे दहा, अकरा, नऊ. त्यांना वाटलं होतं की बाहेरचे लोक पळवत असतील. बाहेरचे होतेच, पण अर्ध्याहून जास्त गाड्या वस्तीतल्या होत्या. गुलाबरावांची जीप नऊ सेकंद. अर्जावर सही केलेल्या माणसांची नावं त्यांना पाठ होती आणि तीच माणसं समोरून हात करत जात होती. म्हणजे बोर्ड पाळणारी एकच गाडी होती, कारखान्याची बस, आणि तीच आता गल्लीत येत नव्हती.

चौथ्या दिवशी ते पहाटेच जाऊन बसले. अंधारात एक स्कूटी दिवा लावून आली आणि आठ सेकंदांत निघून गेली. चार दिवसांतली सगळ्यांत वेगवान गाडी. मारोतरावांनी आकडा लिहिला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ती नीलिमा होती. ती आता स्कूटीनं रिंग रोडपर्यंत जायची, पानठेल्याशी गाडी लावायची आणि तिथून बस धरायची.

संध्याकाळी त्यांनी तिला वही दाखवली.

"आठ सेकंद म्हणजे पंचेचाळीस," ते म्हणाले. "तू तर अर्जावर सही केली होती ना?"

नीलिमानं आकड्यावर बोट ठेवलं. "बाबा, बोर्डाच्या आधी मी दारातून चालत जाऊन बसमध्ये बसत होती. गाडी काढतच नव्हती. आता बस सुटन म्हणून पळवून राहिली. आता यात मी चुकली का तुम्ही, मलेच समजत नाही."

ते वही मिटून आत गेले.

रविवारी बुद्धविहारासमोर सतरंज्या अंथरून बैठक झाली. अर्धे लोक मराठीत बोलत होते, पोरं हिंदीत. एक जण म्हणाला वीस म्हणजे बैलगाडी, तीस करा. एक जण म्हणाला बोर्डानं काय होतं, ब्रेकर टाका. एका बाईनं विचारलं की ट्रकखाली आमच्यापैकी कोणी गेली तर अर्ज कोण लिहिणार. मग मारोतराव उठले. नावं न घेता त्यांनी आकडे वाचले. आठ सेकंदांचाही वाचला. वाचून झाल्यावर गुलाबराव म्हणाले, "ते ठीक आहे, पण तुमचं मत सांगा. बोर्ड ठेवायचा का काढायचा?"

मारोतराव उभेच राहिले. समोर बायकांमध्ये नीलिमा बसली होती. त्यांना शांताबाई आठवत होत्या, आणि रिंग रोडच्या कडेला अंधारात उभ्या असलेल्या अकरा बायकाही.

"ठेवायचा म्हटलं तर पोरी रस्त्यावर राहतात," ते म्हणाले. "काढायचा म्हटलं तर मी काहून लावला होता? मले सांगता नाही येऊन राहिलं."

ते खाली बसले. नंतर शाळेत शिकवणाऱ्या सुनीती मॅडम म्हणाल्या की कारखान्याला लिहून बस दहा मिनिटं आधी काढायला सांगू, बोर्डाचं नंतर बघू. दुसरं कोणाला काही सुचत नव्हतं म्हणून ते मान्य झालं. चिठ्ठी नीलिमानं लिहिली आणि मारोतरावांनी त्यावर सही केली.

कारखान्यानं ऐकलं. जानेवारीच्या शेवटी बस पुन्हा गल्लीत येऊ लागली, पाच वाजून पाच मिनिटांनी, विसाच्या वेगानं. बायकांना दहा मिनिटं लवकर उठावं लागायचं आणि त्याबद्दल त्या मारोतरावांना बोलायच्या. बाकीच्या गाड्या पूर्वीसारख्याच दहा सेकंदांत जात होत्या. मग बैठकीत कोणी सुचवले होते ते ब्रेकरही टाकले गेले. शांताबाईंना दवाखान्यात नेताना ऑटो ब्रेकरवरून गेला की त्या कमरेला धरून कण्हायच्या आणि म्हणायच्या की हे कोणी केलं.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे नीलिमा दारात चपला घालत होती. मारोतराव शाल पांघरून दारापुढच्या बाकावर बसले होते.

"बाबा, आता पुन्हा कोणाले गाडी लागली तर तुम्ही अर्ज लिहाल का?" तिनं विचारलं.

"लिहीन," ते म्हणाले. मग म्हणाले, "लिहीन, पण त्यात काय लिहीन ते माहीत नाही."

बसचे दिवे वळणावर दिसले. नीलिमानं त्यांच्या अंगावरची शाल नीट केली आणि हळूहळू येणाऱ्या बसकडे चालत गेली.