न विचारता दिलेलं मोहळ

लिंडनच्या झाडांचा बहर ओसरला, ऑगस्ट अर्ध्यावर आला, तरी पेत्रोनेलेच्या परसातल्या मधपेट्या बंदच होत्या. गेल्या उन्हाळ्यातही तिने त्यांना हात लावला नव्हता. मध काढायचा तर मोहळसोयरा हजर पाहिजे, आणि तिचा मोहळसोयरा मोतेयुस कुंपणापलीकडेच राहत असूनही तिच्या अंगणात पाऊल टाकायला तयार नव्हता.

मधमाश्या कुणी विकत नाही आणि विकतही घेत नाही. एका घराने दुसऱ्याला मोहळ दिलं की दोन्ही घरं सोयरी होतात, आणि मग माश्या दोन्ही घरांच्या. पेत्रोनेलेच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी मोतेयुसला मोहळ दिलं होतं. तेव्हापासून मोतेयुस रोज सकाळी कॉफीला यायचा, एक शब्द न बोलता बसायचा आणि उठून जायचा. नवरा गेल्यावरही यायचा. तेव्हा तर ती दोन कप आधीच मांडून ठेवायची. आता एकच कप मांडला जात होता, आणि एका कपासाठी किटली तापवायचा तिला भारी कंटाळा यायचा. पण हे ती कुणाला सांगणार? स्वतःहून कुंपणाशी जाऊन हाक मारायची, तर त्यापरीस मध पेटीतच राहिलेला बरा.

शनिवारी दुपारी मुलगा आला. रिम्विदास. स्वतः गाडी चालवत आला. पूर्वी यायचा तेव्हा पुढे ड्रायव्हर असायचा, मागे आणखी एक गाडी असायची, आणि त्यातली माणसं तिच्या सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहून फोनवर कुजबुजायची. हिवाळ्यात सरकार गेलं, त्याबरोबर परराष्ट्रमंत्रिपद गेलं, आणि तेव्हापासून तो राजधानीत, विल्नियसच्या घरात खिडकीशी बसून असतो असं सुनेने फोनवर सांगितलं होतं.

तिने त्याच्यापुढे बीटचं गार सूप ठेवलं, बाजूला गरम बटाटे.

"आई, उद्या मध काढू या का? मी मोकळाच आहे."

"मोकळा आहेस ते दिसतंय. पट्टा किती आत ओढलायस. तुझी बायको जेवायला घालते की नाही?"

"घालते गं. भूक नसते."

"मंत्री होतास तेव्हा भूक होती ना? मग आता तिला काय झालं? ती पण राजीनामा देऊन बसली?"

तो हसला नाही. बटाटा मोडत म्हणाला, "मोतेयुस काका येत नसतील तर आपण दोघंच काढू. धुरी मी देतो."

पेत्रोनेलेने चमचा खाली ठेवला. "तुझ्या मंत्रालयात चालत असेल तसलं. माझ्या परसात नाही चालायचं. काम तूच बिघडवलंस, तूच जा."

बिघडवलं होतं ते असं. रिम्विदास मंत्री असताना उत्तरेच्या समुद्रातल्या एका बेटावरच्या देशाचा मंत्री पाहुणा आला होता. हा त्याला गावी घेऊन आला. पाहुणा पेट्यांपाशी बराच वेळ उभा राहिला, आणि याने कॅमेऱ्यांसमोर त्याला एक मोहळ देऊन टाकलं. वर्तमानपत्रांनी गोड परराष्ट्रनीती म्हणून कौतुक केलं. जनावरांच्या डॉक्टरांचे दाखले झाले, शिक्के झाले, माश्या विमानाने गेल्या. सगळ्यांना विचारलं होतं. फक्त मोतेयुसला विचारलं नव्हतं. त्याला ते टीव्हीवर कळलं.

त्या संध्याकाळी तो कुंपणाशी आला होता. "पेत्रोनेले, आपलं मोहळ परदेशी गेलं म्हणतात." आणि तिने, मुलगा पडद्यावर दिसल्याच्या तोऱ्यात, म्हटलं होतं, "देशाच्या कामाला गेलं." मोतेयुसने मान हलवली आणि आत गेला. तो तिथून जो गेला तो गेलाच.

"काका माझं ऐकतील?" रिम्विदासने विचारलं.

"तुझं जगाने ऐकलं म्हणतात. एका म्हाताऱ्याचं काय घेऊन बसलास? चालत जा. गाडी नको काढूस."

पोरगा मूळचा अलितुसच्या शाळेत भूगोल शिकवायचा. देशाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर ते चिरडायला हिवाळ्यात रणगाडे आले, तेव्हा संसदेच्या राखणीला शेकोट्या पेटवून बसलेल्यांत तोही होता. पेत्रोनेले घरी रात्रंदिवस रेडिओ लावून बसली होती. तिचा निरोप न घेता, कुणी न सांगता, मोतेयुस आपल्या ट्रकमध्ये सरपण भरून विल्नियसला गेला होता, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाला होता, "आहे तुझा. नाक वाहतंय, बाकी धड आहे." पुढे रिम्विदास निवडून आला, पडला, परत निवडून आला, राजदूत झाला, मंत्री झाला. पण तिला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत ते एक वाक्य जितकं भिडलं, तितकं कुठलंच भाषण भिडलं नाही.

तो फाटकातून बाहेर पडला, तशी ती टोपली घेऊन कुंपणालगतच्या शेपूच्या वाफ्यात शिरली. शेपू घरात भरपूर होता. पण वाफ्यातून मोतेयुसचं दार दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

दार उघडलं. मोतेयुस बनियनवर उभा होता.

"नमस्कार, काका."

"हं."

रिम्विदासने घसा साफ केला. "काका, त्या वेळी जे काही घडलं, त्यातून तुमच्या भावना दुखावल्या असतील, तर मला त्याचा मनापासून खेद वाटतो."

मोतेयुसने त्याच्या मागे रस्त्यावर पाहिलं. "कोण बोलतंय? सरकार?"

"नाही काका, मीच."

"मला सरकार वाटलं. 'असतील तर' म्हणतोस. दुखल्या की नाही दुखल्या, हे मला कळत नसेल होय रे?"

वाफ्यात पेत्रोनेलेने ओठ दाबले. हे म्हातारं दोन वर्षांत काही बोथट झालं नव्हतं.

रिम्विदास गोंधळला आणि गोंधळात त्याने हात पुढे केला. उंबऱ्यावरून. गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की उंबऱ्यावरून हात मिळवला की भांडण ठरलेलं. मोतेयुस त्या हाताकडे बघत राहिला. मग पुटपुटला, "हात मिळवून मिळवून जन्म गेला, आणि हे विसरलास," आणि नाइलाजाने दाराबाहेर पायरीवर आला. बाहेर आल्यावरही हात दिला नाही. पायरीवर बसला.

"काय हवंय?"

"उद्या मध काढायला या. आई तुमच्याशिवाय पेट्या उघडत नाही."

"मी कशाला येऊ? तुझं मोहळ, तूच मालक. कुणालाही दे."

"चुकलं माझं."

"चुकलं ते ठाऊक आहे. आता विचार."

"काय विचारू?"

"जे तेव्हा विचारायचं होतं ते."

रिम्विदास उभाच होता. मोठमोठ्या देशांच्या टेबलाशी न डगमगता मागण्या मांडणारा माणूस, पण आता आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला समजेना. शेवटी तो खालच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मोतेयुस काका, आमच्या झाडाखालचं एक मोहळ एका परक्या माणसाला द्यायचंय. देऊ का?"

"कुठे राहतो?"

"बेटावर. समुद्रात."

"वारा असेल."

"आहे. पण घराच्या मागे टेकडी आहे, आडोसा आहे."

"तिथे काय फुलतं?"

"माहीत नाही, काका."

"माश्या दिल्यास आणि काय फुलतं ते विचारलं नाहीस."

पेत्रोनेलेच्या हातातला शेपू चुरगळून गेला होता. आता हा उठून आत जाणार, तिला वाटलं. पण मोतेयुस बसून होता.

"घरात आरडाओरडा करतो का? भांडणाच्या घरी माश्या टिकत नाहीत."

"नाही. फार हळू बोलतो."

"मग सांग तरी. एवढ्या जगात त्यालाच का?"

रिम्विदास बुटाने माती उकरायला लागला. मग बोलला तेव्हा आवाज इतका खाली गेला की पेत्रोनेलेला वाफा सोडून कुंपणाला कान लावावा लागला.

"बाबा गेले तेव्हा मी परदेशात बैठकीत होतो. आईचा फोन आला. मी बाहेर जाऊन ऐकला आणि परत येऊन खुर्चीत बसलो, कारण आमचा विषय निघायचा होता, आणि मी उठलो असतो तर तो राहिला असता. कुणाला सांगितलं नाही. या माणसाने माझं तोंड बघितलं. त्याने बैठक थांबवायला लावली, मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि बागेत एका बाकावर बसवलं. स्वतः शेजारी बसला. काही विचारलं नाही. मी रडून झाल्यावर मला परत आत नेलं. आमचा विषय त्यानेच लावून धरला. म्हणून दिलं मोहळ. बाबांचं होतं ना ते. कॅमेरे नंतर आले."

पेत्रोनेलेला हे माहीत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की नवऱ्याच्या शवपेटीपाशी मुलगा उशिरा आला, कोरड्या डोळ्यांनी आला, आणि तिने त्याला वर्षभर मनातल्या मनात धोपटलं होतं.

"हे टीव्हीवर नाही सांगितलंस," मोतेयुस म्हणाला.

"टीव्हीवर सांगण्यासारखं नव्हतं."

"मला सांगण्यासारखं होतं."

"होतं, काका."

मोतेयुसने गुडघ्यावर तळवे घासले. "असा माणूस असेल तर द्यायला हरकत नाही. दे." आणि उठता उठता कुंपणाकडे न बघता म्हणाला, "पेत्रोनेले, किती शेपू उपटशील? ये बाहेर. उद्या ऊन चढायच्या आत पेट्या उघडायच्या, तुझ्या पोराला लवकर उठव."

"तो लवकरच उठतो," ती कुंपणामागून म्हणाली. "तूच लोळतोस."

दुसऱ्या दिवशी मोतेयुस तोंडावर जाळी न घालता आला, नेहमीसारखा. रिम्विदासने धुरी दिली, पण इतकी की माश्यांबरोबर माणसंही खोकायला लागली. "हळू," मोतेयुस ओरडला, "त्यांना झोपवायचंय, हद्दपार नाही करायचं." दोन उन्हाळ्यांचा मध होता. पोळ्यांच्या चौकटी इतक्या जड झाल्या होत्या की रिम्विदासला एकेक दोन्ही हातांनी उचलावी लागत होती. त्याला दोनदा डंख बसला आणि कपाळ सुजून आलं.

पहिली बरणी भरली तेव्हा मोतेयुसने झाकण घट्ट लावून ती रिम्विदासच्या हातात दिली.

"ही त्या बेटावरच्याची. आता तोही सोयरा झाला. मंत्रालयाकडून पाठवू नकोस, स्वतः घेऊन जा. नाहीतरी रिकामा आहेस."

रिम्विदास सुजलेल्या कपाळाने हसायला लागला. हसता हसता त्याला खाली बसावं लागलं. "तोही रिकामाच आहे, काका. तिथेही निवडणूक झाली."

"मग तर जाच. दोघं बसा बाकावर."

पेत्रोनेलेने ताज्या काकड्या आणल्या, उभ्या चिरल्या, वर मध सोडला आणि पहिली फोड मोतेयुसला दिली. दुसरी मुलाला.

"त्या दिवशी काही खाल्लं होतंस?" तिने हळूच विचारलं.

बाबा गेले तो दिवस, हे त्याला सांगावं लागलं नाही. "नाही, आई."

"वाटलंच," ती म्हणाली. त्याच्या केसांत अडकलेली माशी तिने दोन बोटांनी अलगद सोडवली, उडवून लावली, आणि त्याच्यासाठी आणखी एक काकडी चिरायला घेतली.